वेस्ट मांबलममधील राजकन्या

आपल्या देशात आता राजकन्या उरलेली नाही. १९७१ साली घटनेत झालेल्या सव्विसाव्या दुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व त्यांचे तनखे ही दोन्ही संपुष्टात आली, आणि तेव्हापासून कायद्याच्या दृष्टीने राजा, राणी, राजपुत्र व राजकन्या हे शब्द केवळ कोशात आणि कथेत राहिले. ज्याची उमेदीची वर्षे सरकारी कचेरीत गेली आहेत अशा माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट पाठ असावी यात नवल नाही. परंतु ज्या घरात पाच वर्षांची मुलगी आहे त्या घरावर या दुरुस्तीचा अंमल चालत नाही, असा माझा अनुभव आहे. तेथे राजकन्या असते, तिचा मुकुट असतो, तिच्या आज्ञा सुटत असतात, आणि तिच्या राज्याची सीमा बैठकीच्या खोलीपासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत कोठेही असू शकते. आज मला जे सांगावयाचे आहे ते अशाच एका राजकन्येविषयी. ती चित्रातली आहे, अमेरिकेत जन्मलेली आहे, आणि माझा तिचा परिचय चेन्नई शहरातील वेस्ट मांबलम या वस्तीत झाला.

२०१४ च्या उन्हाळ्यात माझी बदली चेन्नईस झाली आणि आम्ही वेस्ट मांबलममध्ये बिऱ्हाड केले. ज्यांनी ते शहर पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मांबलमच्या रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस त्यागरायनगर आहे. तेथे रेशमाची आणि सोन्याची मोठमोठी दुकाने, रंगनाथन रस्त्यावरची ती प्रसिद्ध गर्दी, दिव्यांचा लखलखाट. पादचारी पुलावरून रूळ ओलांडून पश्चिमेस उतरले की काही पावलांतच जग बदलते. अरुंद रस्ते, दाराशी पहाटेच काढलेले कोलम, भाजलेल्या कॉफीच्या बियांचा दरवळ, आर्य गौडा रस्त्यावरील अयोध्या मंडपात चाललेले पारायण. येथे एका रस्त्याचे नाव लेक व्ह्यू रोड आहे. तेथून तळे मात्र दिसत नाही, कारण मांबलमचे ते विस्तीर्ण तळे १९२० च्या दशकात बुजवून त्याच्या जागी त्यागरायनगर वसविले गेले. रस्त्याला नाव राहिले आणि पाणी गेले. ते पाणी आपली जागा विसरलेले नसते, हे पुढे आम्हांला कळावयाचे होते.

आमची धाकटी मुलगी त्या वेळी पाच वर्षांची होती. नवी शाळा, नवी भाषा, मैत्रीण एकही नाही. बदलीची नोकरी करणाऱ्यांच्या मुलांना हा प्रसंग दर तीन-चार वर्षांनी सोसावा लागतो, आणि त्याची नोंद कोणत्याही बदलीच्या आदेशात नसते. घरातील दूरचित्रवाणीचा संच तेवढा सर्वत्र सारखाच असतो. त्या संचावर तिला सोफिया भेटली.

‘सोफिया द फर्स्ट’ ही डिस्ने कंपनीची मालिका. क्रेग गर्बर हे तिचे जनक. नोव्हेंबर २०१२ मध्ये तिचा आरंभीचा चित्रपट दाखविला गेला, जानेवारी २०१३ पासून मालिका सुरू झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ती संपली. तिचे कथानक असे. एका गावात मिरांडा नावाची स्त्री जोडे शिवून आपला आणि आपल्या मुलीचा चरितार्थ चालवीत असते. एन्चान्सिया राज्याच्या राजास जोडे हवे असतात. ती ते घेऊन राजवाड्यात जाते, आणि राजा तिच्याशी विवाह करतो. तिची मुलगी सोफिया एका रात्रीत राजकन्या होते. राजाला पहिल्या राणीपासून झालेली जुळी मुले आहेत, जेम्स आणि अँबर. सोफियाला आता राजघराण्यातील मुलांच्या शाळेत जावे लागते. तेथे नमस्कार कसा करावा, चहाचा पेला कसा धरावा, नृत्यात पाऊल कसे टाकावे, हे सारे तिला शून्यापासून शिकावे लागते. सोबतीला क्लोव्हर नावाचा एक खादाड ससा आहे, आणि दरबारात सेड्रिक नावाचा एक जादूगार आहे, ज्याची मोठी महत्त्वाकांक्षा त्याच्या तितक्याच मोठ्या गबाळेपणामुळे दर वेळी फसते.

आमच्या मुलीला सोफियाचे एवढे वेड का लागले, हे कळावयास मला थोडा काळ लागला. मोठ्यांना वाटते की मुलींना मुकुट हवा असतो, झगा हवा असतो. तेही हवेच असते. पण एके संध्याकाळी तिने मला विचारले, “बाबा, सोफियाला पण त्या शाळेतलं काही येत नव्हतं ना?” मग माझ्या ध्यानात आले की तिला त्या गोष्टीत राजवाडा दिसत नव्हता, वर्ग दिसत होता. जिला कोणी ओळखत नाही, जिच्या बोलण्याला इतर मुली हसतात आणि जिला सारे नियम पाठ करावे लागतात, अशी एक नवी मुलगी तिला दिसत होती. एन्चान्सियाच्या राजवाड्यात शिरलेली सोफिया आणि वेस्ट मांबलमच्या शाळेत शिरलेली आमची मुलगी, यांच्या प्रश्नांत फारसे अंतर नव्हते.

या मालिकेतील एक गोष्ट मला मनापासून आवडली, आणि ती येथे सांगितलीच पाहिजे. युरोपातील राजकन्यांच्या कथांत सावत्र आई म्हणजे क्रौर्याची मूर्ती. डिस्नेने १९३७ साली हिमगौरीवर आपला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट काढला तेव्हा तीच होती, १९५० च्या सिंड्रेलातही तीच. आपल्याकडे तरी निराळे काय आहे? ध्रुवाला बापाच्या मांडीवरून उतरविणारी सुरुची आपल्या मुलांना अक्षरओळखीच्या आधी भेटते, आणि ‘सावत्र’ हा शब्द आपण अजूनही शिवीसारखा उच्चारतो. सोफियाच्या गोष्टीत सावत्र बाप प्रेमळ आहे, सावत्र आई समंजस आहे. अँबर पहिल्यांदा मत्सर करते. नव्या बहिणीची फजिती व्हावी म्हणून नृत्याच्या वर्गात तिला जादूचे जोडे देते, ती सर्वांदेखत पडते. पण पुढे त्याच अँबरची मदत घेऊन सोफियाला सारा राजवाडा झोपेतून जागा करावा लागतो. पुनर्विवाह झालेल्या घरांतून वाढणारी मुले आपल्या समाजातही आहेत आणि त्यांच्यासाठी मराठीत गोष्ट नाही. परक्या कंपनीने धंद्यासाठी का होईना ती लिहिली, याबद्दल तिचे श्रेय तिला दिले पाहिजे.

धंदा म्हणजे केवढा धंदा, याचीही थोडी हकीकत सांगतो. २००० सालच्या सुमारास अँडी मूनी नावाचे एक अधिकारी डिस्ने कंपनीत नव्याने आले होते. बर्फावरील नृत्याच्या एका कार्यक्रमास गेले असता प्रेक्षकांत पुष्कळ लहान मुली घरी शिवलेले राजकन्येचे पोशाख घालून आलेल्या त्यांना दिसल्या. आयांनी जे जुन्या कापडातून शिवले होते ते कंपनीने का विकू नये? एवढ्या एका विचारातून साऱ्या राजकन्यांना एका छत्राखाली आणून त्यांच्या नावाने बाहुल्या, झगे, दप्तरे आणि खाऊचे डबे विकण्याचा तो प्रचंड व्यापार उभा राहिला. अमेरिकेत त्यावर टीकाही झाली. पेगी ओरेन्स्टाइन या लेखिकेने २०११ साली एक पुस्तक लिहून, लहान मुलींना दिसण्याच्या आणि सजण्याच्या चिंतेत फार लवकर लोटले जात आहे, असे साधार मांडले. सोफिया आली ती या टीकेनंतरच्या वर्षी. तिच्या शौर्याला आणि शहाणपणाला त्या टीकेचा काही आधार असावा, असे मानावयास जागा आहे. मालिकेच्या पहिल्याच भागात ती मुलग्यांच्या उडत्या घोड्यांच्या शर्यतीत भाग घेते आणि राजकन्यांनी हे करावयाचे नसते म्हणणाऱ्यांना खोटे पाडते. अर्थात शर्यत झाल्यावर तिचा जांभळा झगा दुकानात मिळतोच!

तो झगा आमच्याही घरी आला, पण दुकानातून नव्हे. रंगनाथन रस्त्यावर त्याची जी किंमत सांगितली गेली तीत आमच्या महिन्याच्या भाजीचा खर्च निघाला असता. शेवटी पत्नीने फिक्या जांभळ्या रंगाचे कापड घेतले आणि आमच्याच गल्लीतील एका वृद्ध शिंप्याकडे दिले. त्या गृहस्थांनी आयुष्यभर मुलींच्या पावाडै शिवल्या होत्या. पावाडै म्हणजे आपला परकर. चित्रातील सोफिया त्यांना दाखविली. त्यांनी ती चष्मा वर करून नीट पाहिली, आणि चार दिवसांनी जे शिवून दिले त्याचा वरचा भाग एन्चान्सियाचा होता व कमरेखालचा घेर आणि जरीचा काठ अस्सल कांचीपुरमचा होता. आमची राजकन्या त्यावर निहायत खूष झाली.

सोफियाच्या गळ्यात एक ताईत असतो. राजाने दिलेला. तो केवळ दागिना नाही. घालणाऱ्याने सत्कृत्य केले तर त्यातून तिला एखादी शक्ती मिळते, दुष्कृत्य केले तर शाप. तिने एका पाखराच्या पिलाला वाचविले, आणि तिला पशुपक्ष्यांची भाषा कळू लागली. एकदा राष्ट्रगीत गाण्याचा मान मिळाला म्हणून ती फुशारकी मारू लागली, आणि तिच्या गळ्यातून बेडकाचा आवाज निघू लागला. हा भाग पाहताना माझ्या वडिलांनी, जे त्या वेळी काही दिवस आमच्याकडे राहावयास आले होते, एकच शेरा मारला, “हा तर कर्मविपाक!” आणि खरोखरच तो कर्मविपाक आहे. फरक एवढाच की आपल्या शास्त्रात फळ मिळण्यास जन्मजन्मांतरे लागतात आणि या मालिकेत प्रकरणाचा निकाल वीस-बावीस मिनिटांत, जाहिराती धरून अर्ध्या तासात, लागतो. सरकारी कारभार पाहणाऱ्या माणसाला हा वेग हेवा वाटावा असाच आहे. पुढे २०१६ मध्ये त्या ताइतात एलेना नावाची दुसरी एक राजकन्या एकेचाळीस वर्षे कोंडलेली होती असे उघड झाले, आणि सोफियाने तिची सुटका केली; तिच्या नावाने वेगळी मालिकाही निघाली. एका ताइतातून दुसरी मालिका काढणे ही सिद्धी मात्र आपल्या कोणत्याही ऋषीला साधली नव्हती.

येथवर सारे ठीक होते. मला काळजी वाटू लागली ती निराळ्याच कारणाने. सोफिया आमच्या घरी इंग्रजीतून बोलत असे. तिच्यामागून येणारा छोटा भीम हिंदीतून. हैदराबादेत राजीव चिलका यांच्या संस्थेने निर्माण केलेली ती मालिका २००८ पासून चालू आहे, आणि तिच्यातही ढोलकपूरच्या राजाची इंदुमती नावाची मुलगी आहेच. आणि डोरा ही प्रवासी मुलगी बोले तमिळमधून. कारण चेन्नईच्या सन समूहाने २००७ सालीच ‘चुट्टी टीव्ही’ ही खास तमिळ मुलांची वाहिनी काढलेली होती. म्हणजे आमच्या घरातील तो संच तीन भाषा बोलत असे आणि त्यांत मराठी नव्हती. मुलांची जीभ मेणासारखी असते. सहा महिन्यांत आमची मुलगी भाजीवाल्याशी तमिळमध्ये घासाघीस करू लागली, याचे मला कौतुकच वाटले. पण खेळताना ती बाहुलीशी इंग्रजीत बोलते आणि रागावली की हिंदीत, हे जेव्हा माझ्या लक्षात आले तेव्हा मी अस्वस्थ झालो. बाहुलीशी ज्या भाषेत बोलावे ती आपली भाषा, असे मी समजतो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक तंजावरी मराठी कुटुंब राहत असे. तमिळ शेजारी त्यांना ‘रायर’ म्हणत. सत्तरी ओलांडलेल्या आजी, त्यांचा मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारा नातू. आम्ही महाराष्ट्रातून आलो हे कळल्यावर आजी पहिल्याच दिवशी वर आल्या आणि आमच्याशी मराठीत बोलू लागल्या. ते मराठी ऐकून प्रथम आम्ही गोंधळलो. शब्द आपले, पण चाल तमिळ. वाक्याच्या शेवटी सूर वर जाई, आणि मधूनच एखादा शब्द असा येई की जो मी केवळ जुन्या बखरींत वाचला होता. त्या बोलीचे अनुकरण मला साधणार नाही व ते करणे सभ्यपणाचेही होणार नाही. आजींनी महाराष्ट्र कधी पाहिलेला नव्हता. पंढरपूर पाहावे एवढी एक इच्छा बोलून दाखवीत. घरातील कोणालाही देवनागरी सफाईने वाचता येत नव्हते. मराठीची शाळा नाही, वर्तमानपत्र नाही. तरीसुद्धा सतराव्या शतकात व्यंकोजी राजे तंजावरास गेले तेव्हापासून, म्हणजे साडेतीनशे वर्षांच्या आसपास, ही भाषा त्या घरात एका पिढीकडून दुसरीकडे गेलेली होती. ती कशी गेली असेल, या प्रश्नाचे उत्तर मला २०१५ च्या डिसेंबरात मिळाले.

त्या वर्षी नोव्हेंबरापासूनच चेन्नईत पाऊस थांबत नव्हता. १ डिसेंबरला जो कोसळू लागला त्याने रात्रीतून अड्यार नदी पात्राबाहेर आली, चेंबरंबाक्कम जलाशयाचे पाणी सोडावे लागले, आणि शहराचे अनेक भाग बुडाले. दुसऱ्या दिवशी ‘द हिंदू’ हे दैनिक निघाले नाही. १८७८ पासूनच्या त्याच्या इतिहासात असे कधी घडले नव्हते, असे मागाहून समजले. विमानतळ बंद झाला. आमच्या गल्लीत पहाटे पाणी शिरले. गुडघाभर होते ते दोन तासांत कमरेपर्यंत आले. बुजविलेले तळे परत आले होते. खालच्या मजल्यावरील मंडळींना आम्ही वर घेतले. आजींना खुर्चीत बसवून त्यांच्या मुलाने व मी जिन्याने वर आणले. त्यांच्या मांडीवर देवाचा डबा होता आणि एका हातात औषधांची पिशवी. वीज गेली ती चार दिवस आली नाही. दूरध्वनी मुके झाले. माझी आई पुण्यात होती व तिला आमची खुशाली कळविता येत नव्हती. पिण्याचे पाणी आम्ही पेल्याने मोजून घेत होतो.

दूरचित्रवाणीचा संच अर्थातच काळा पडला होता. पहिल्या रात्री मुलगी रडू लागली. तिला सोफिया हवी होती, असे ती म्हणत होती. वस्तुतः तिला भीती वाटत होती. मेणबत्तीच्या उजेडात आजींनी तिला जवळ घेतले आणि आपल्या त्या अनोळखी मराठीत गोष्ट सांगावयास सुरुवात केली.

गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी कोणत्या ना कोणत्या रूपात ऐकलेली असेल. एका राजाला मुली असतात. तो प्रत्येकीला विचारतो, तू कोणाच्या दैवाचे खातेस? साऱ्या म्हणतात, बाबा, तुमच्या. धाकटी तेवढी म्हणते, माझ्या. राजा संतापतो आणि तिला एका रोगी भिकाऱ्याच्या गळ्यात बांधून राज्याबाहेर घालवितो. ती त्या भिकाऱ्याची सेवा करते, मोलमजुरी करते, आणि शेवटी आपल्या हिमतीने आणि दैवाने त्याच राजासारखे वैभव उभे करते. मग एके दिवशी तो राजाच, राज्य गेलेला आणि भुकेलेला, तिच्या दारी येतो. आजींनी हे सांगताना भिकाऱ्याच्या जखमा, चुलीचा धूर, मजुरीचे दाणे यांचे वर्णन असे बारकाईने केले की आम्ही मोठी माणसेही सरसावून बसलो.

मुलगी मध्येच म्हणाली, “पण तिला राजकन्या व्हायला शिकवलं कोणी?” सोफियाला शाळा होती, हे तिच्या मनात असावे. आजी थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या त्याचा भावार्थ असा की, त्यात शिकवायचे काय, घरातून काढले की येते. मुलीने यावर पुष्कळ विचार केला. मग तिने आणखी एक प्रश्न विचारला, त्याचे उत्तर कोणाजवळच नव्हते: त्या राजाने हे मुलग्यांना का नाही विचारले?

दोन्ही गोष्टींत राजकन्या आहे, पण त्यांची तोंडे विरुद्ध दिशांना आहेत, हे मला त्या रात्री प्रथम जाणवले. सोफियाची कथा राजवाड्याच्या दारातून आत जाते. आमच्या आजींची कथा त्याच दारातून बाहेर पडते. सोफिया राजवाड्यात राहून चांगली होते, आणि तो चांगला आहे की नाही हे तिला कोणी विचारीत नाही. आमची धाकटी राजकन्या बापाच्या तोंडावर सांगते की अन्न तुझ्या घरचे असले तरी दैव माझे आहे, आणि त्याची किंमत भरते. मला विचाराल तर ही दुसरी मला अधिक जवळची वाटते. मात्र त्या चार रात्रींत आमच्या मुलीने दोघींना एकत्र नांदविले. तिसऱ्या रात्री आजींच्या राजकन्येला एक बोलणारा ससा मिळालेला होता, आणि आजींनी तो मुळीच खळखळ न करता आपल्या गोष्टीत घेतला. साडेतीनशे वर्षे ही भाषा कशी टिकली असेल, हे तेव्हा मला समजले. व्याकरण सांभाळून कोणतीच भाषा टिकत नाही. समोरच्या मुलाला हवा असलेला ससा तिला आत घेता आला पाहिजे.

तंजावरला ही विद्या ठाऊक होती, असे म्हणण्यास इतिहासाचा आधार आहे. व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे यांनी १६८४ ते १७१२ या काळात तेथे राज्य केले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी या राजाच्या दरबारात मराठी नाटके रचली जात होती. त्यांच्या ‘पंचभाषाविलास’ या नाटकात निरनिराळ्या देशांच्या चार राजकन्या श्रीकृष्णावर अनुरक्त होतात आणि प्रत्येकजण आपापल्या भाषेत बोलते: एक तमिळ, एक तेलुगू, एक मराठी, एक हिंदी. पाचवी भाषा संस्कृत, ती कृष्णाची. राजा मराठा, प्रजा तमिळ, दरबारच्या विद्वानांची आवडती भाषा तेलुगू. त्याने कोणाही राजकन्येच्या तोंडी परकी भाषा घातली नाही. पुढे सरफोजी राजांच्या कारकीर्दीत, १८०६ साली, तंजावरच्या छापखान्यात इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर देवनागरी खिळ्यांनी छापले गेले; नाव ‘बालबोध मुक्तावली’. पुण्यात तेव्हा पेशवाई चालू होती. म्हणजे मराठी मुलांसाठी छापील गोष्टी निघाल्या त्या तमिळ मुलखात, आणि त्याही एका परदेशी कथाकाराच्या. परदेशी गोष्ट आपल्या भाषेत आणण्यात कमीपणा आहे असे सरफोजींना वाटले नाही.

याच तंजावरच्या राजकन्यांची एक कटू हकीकतही आहे. १८५५ साली सरफोजींचे पुत्र शिवाजी राजे वारले. त्यांना मुलगा नव्हता, मुली होत्या. कन्येकडे गादी जावी हे कंपनी सरकारने मान्य केले नाही, आणि राज्य खालसा झाले. त्या राजाने कोणाच्या दैवाचे खातेस असे विचारले असते तर त्या मुलींनी काय उत्तर दिले असते, कोण जाणे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आज पुण्यामुंबईचे मराठी मूल चित्रमालिका पाहते ती बहुधा हिंदीतून. खेळताना ते आपल्या भावाला हिंदीत दटावते, आणि घरचे हसून सोडून देतात. तमिळ मुलाला तीच गोष्ट तमिळमधून मिळते. याचे कारण तमिळ माणूस भाषाभिमानी आहे आणि आपण नाही, एवढेच सांगून पुष्कळ लोक समाधान मानतात. मला ते पुरेसे वाटत नाही. कारण पुष्कळसे व्यापारी आहे. ज्या प्रेक्षकाला हिंदी समजते त्याच्यासाठी मराठी आवाज भरण्याचा निराळा खर्च कोणी का करावा? तमिळ मुलाला हिंदी समजत नाही, म्हणून त्याच्यासाठी तो करावाच लागतो. आपल्याला अनेक भाषा येतात हा आपला गुण आहे, आणि बाजारात आपल्याला त्याच गुणाचा दंड भरावा लागतो. यावर उपाय हिंदी विसरणे हा नव्हे. परंतु आवाज बदलणे ही चित्र काढण्याइतकी खर्चाची बाब नाही. चित्रे तयार असतात, हवे असतात ते चार-सहा चांगले नट, एक चांगला लेखक आणि थोडी चिकाटी. नाट्यसंगीत, बालनाट्य आणि नभोनाट्य यांत तीन पिढ्या मुरलेल्या महाराष्ट्रात आवाजांची वाण पडू नये. लेखकाचे काम मात्र खरोखर कठीण आहे. सोफिया आपल्या आईच्या नवऱ्याला मराठीत काय म्हणेल? ‘सावत्र बाबा’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी येते. नुसते ‘बाबा’ म्हटले तर गोष्टीचा कणाच जातो. असे प्रश्न सोडविताना भाषा वाढते. ज्या भाषेला ते सोडवावेच लागत नाहीत ती भाषा मुलांपुरती थांबते.

२०१८ मध्ये माझी बदली झाली आणि आम्ही चेन्नई सोडली. त्याआधीच्या दोन वर्षांत मुलीचा एक नेम ठरून गेला होता. शाळेतून आले की खाली जावयाचे, आणि आजी तांदूळ निवडीत बसल्या असतील तेथे बसून गोष्ट ऐकावयाची. सोफिया ती वरच्या मजल्यावर पाहत असेच. कधी कधी आजींनाच ती तिची हकीकत आपल्या मराठीत सांगे, आणि आजी जिन्यातून मला विचारीत की त्या सेड्रिकला अजून नोकरीवरून का काढलेले नाही. निघण्यापूर्वी त्यांच्या नातवाने आणि आमच्या मुलीने मिळून आजींच्या काही गोष्टी भ्रमणध्वनीवर मुद्रित केल्या. त्या नऊ पूर्ण आहेत. नातवाने त्या तमिळ लिपीत उतरविल्या, मुलीने देवनागरीत. दोन्ही वह्या पडताळून पाहताना चाळीसएक शब्द असे निघाले की ज्यांचा अर्थ आम्हां कोणालाच लागला नाही, व ते फोनवरून आजींना विचारून घ्यावे लागले. दहावी गोष्ट अर्धीच आहे. तीत एक राजकन्या विहिरीच्या काठावर उभी आहे, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिटी होते व आजी उठून जातात.